आधी झोपू द्या, मग समुपदेशक पाठवा

जून २०२३ मध्ये बालासोरचा रेल्वे अपघात झाला, त्यानंतर काही दिवसांतच एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीर सांगितलं होतं की त्यांच्या एका जवानाला पाणी बघितलं की रक्त दिसतं आणि दुसऱ्याची भूकच मेली आहे. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणीतरी ती जुनी बातमी परत टाकली आणि नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे वर्दी चढवली की हे आलंच, उगाच लाड कशाला. दुसरी म्हणे परदेशात बघा, तिकडे प्रत्येकाला थेरपिस्ट, आपल्याकडे कोणाला पडलीय. मग मला टॅग, कारण मी कॅनडात, ओंटारियो प्रांतात ९११ च्या, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरच्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेते. तू सांग गं खरं काय ते.

पहिल्या पार्टीशी मला वादच घालायचा नाही. फोर्सचा सर्वात मोठा साहेब स्वतः उठून बोलतो आणि जवानांसाठी समुपदेशनाची सोय करतो म्हणतो, तरी ज्यांना हे लाड वाटतात त्यांना मी काय पटवणार. मला बोलायचंय ते दुसऱ्या पार्टीशी, कारण ते माझ्या बाजूचे असूनही चुकीची गोष्ट मागतायत असं मला वाटतं.

इथे थेरपिस्ट आकाशातून पडले नाहीत. २०१६ पर्यंत ओंटारियोत पॅरामेडिकला, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणाऱ्याला, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) झाला तर तो कामामुळेच झाला हे त्यानेच सिद्ध करायचं, म्हणजे कुठला कॉल, कुठली तारीख, आणि घरी काही भानगड नव्हती ना, लहानपणी काही झालं नव्हतं ना, सगळं. आता जो माणूस रात्री दचकून उठतोय त्याला तुम्ही विचारताय की नेमका कुठल्या कॉलमुळे? त्यालाच माहीत नसतं हो. एखादा मोठा अपघात पचून जातो आणि दोन वर्षांनी साधी म्हातारी बाई घरात पडलेली असते, त्या दिवशी हात थरथरायला लागतात. २०१६ च्या कायद्याने एवढंच केलं की पोलीस, अग्निशमनवाले, पॅरामेडिक, तुरुंगातले कर्मचारी आणि आम्ही कॉल घेणारे, यांच्यापैकी कोणाला सायकॅट्रिस्ट किंवा सायकॉलॉजिस्टने पीटीएसडीचं निदान दिलं तर तो कामामुळे झाला असं आधी धरून चालायचं, नाही म्हणायचं असेल तर पुरावा समोरच्याने आणायचा. अल्बर्टा या दुसऱ्या प्रांताने हे २०१२ मध्येच केलं होतं, ओंटारियोत नर्सेसना या कायद्यात यायला २०१८ उजाडलं. माझ्या मते सगळ्या पोस्टर आणि हेल्पलाइनींपेक्षा हा एक बदल भारी आहे, कारण त्याने पगार आणि उपचार दोन्हींचा प्रश्न सुटतो आणि माणसाला खोटारडं ठरवलं जात नाही.

आमचं कॉल घेणाऱ्यांचं तर अजून विचित्र. फोनवर कोणाला तरी छाती दाबायला शिकवत असता, एक दोन तीन चार मोजत असता, गाडी पोचली की फोन कट. पुढे माणूस वाचला का गेला कळत नाही. पुढचा कॉल लगेच, आणि तो शेजाऱ्याने गाडी चुकीची लावली म्हणून. आम्ही घटनास्थळी नसतोच त्यामुळे आम्हाला कसला ट्रॉमा असं इथेही म्हणणारे होते, कायद्यात आमचं नाव आलं म्हणून तोंडं बंद झाली.

पण म्हणून कॅनडा म्हणजे स्वर्ग असं लिहिणार नाही. हाच कायदा म्हणतो की मालकाच्या निर्णयांमुळे झालेला त्रास धरला जाणार नाही, म्हणजे शिफ्ट बदलणं, चौकशी लावणं, कामावरून काढणं वगैरे. आणि कंट्रोल रूममध्ये कोणालाही विचारा, रक्ताने माणूस जेवढा मोडतो त्याहून जास्त तो सलग ओव्हरटाइमने आणि पाठीशी न उभ्या राहणाऱ्या साहेबाने मोडतो. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या कॅनेडियन सर्वेक्षणात या क्षेत्रातल्या ४४.५ टक्के लोकांमध्ये एखाद्या तरी मानसिक आजाराची ठळक लक्षणं दिसली होती, सर्वसाधारण लोकसंख्येत तो आकडा १० टक्क्यांच्या आसपास असतो. हे सगळं सोयी असलेल्या देशात, बरं का. आणि भरपाईचा क्लेम टाकून कामावर परत आलेल्याकडे बघायची नजर बदलते ती इथेही बदलते.

अजून एक, ग्रुपवर सगळ्यांना आवडलेली आयडिया म्हणजे घटना झाली की सगळ्यांना एकत्र बसवा आणि बोलतं करा. ऐकायला छान आहे. हा प्रकार अमेरिकेत जेफ्री मिचेल नावाच्या माणसाने १९८३ मध्ये मांडला, तो स्वतः आधी अग्निशमन आणि पॅरामेडिकचं काम केलेला, जगभर पसरला. नंतर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, काही जणांना उलट त्रास वाढू शकतो. नुकतंच बघून आलेल्याला सर्वांसमोर परत सगळं सांगायला लावायचं, आणि शेजारच्याने जे बघितलं नव्हतं तेही त्याच्या डोक्यात घालायचं, कशाला? आता भर असतो तो माणूस सुरक्षित आहे का, झोपला का, घरी कोणी आहे का हे बघण्यावर, बोलायचं असेल तर ऐकायचं, नसेल तर सोडायचं, आणि काही आठवड्यांनी लक्षणं उरली तर मग नीट ट्रॉमाची थेरपी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आठवणींवर काम करणारी) किंवा ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी), बऱ्याच सेशन्सची. म्हणजे वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे रजा.

इथेच आपल्याकडचं गाडं अडतं. माझा मावसभाऊ पोलिसात आहे, त्याला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "समुपदेशक पाठवा ना, येईन मी, पण ड्युटीवरून उठून येऊ का झोपेतून उठून?" मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, पुढे इतर ठाण्यांतही गेला, पण दादा म्हणतो तसं बंदोबस्त लागला की पहिला मोडतो तो हाच नियम. ज्याला सलग सहा तास झोप नाही त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणं मला क्रूर वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, चांगला आहे, पण ऑफिसात कळलं तर हत्यार काढून घेतील, पोस्टिंग जाईल ही भीती नंबर देऊन जात नाही.

आणि वर्दी नसलेल्यांचं काय? जुलै २०२३ ला इर्शाळवाडीत दरड कोसळली तेव्हा वर मशीन नेता येत नव्हती, पावसात हाताने माती उपसली. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी तो डोंगर चढतानाच गेले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं मातीतच राहिली. तिथे एनडीआरएफ होतं तसेच ट्रेकिंगवाले आणि आसपासचे गावकरीही होते. ओंटारियोच्या कायद्यात स्वयंसेवक अग्निशमनवालेसुद्धा येतात. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिसं आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, मनाला झालेली इजा नाही, मग त्या गावकऱ्याने जायचं कुठे.

सगळ्यात अडचणीत मला १०८ ॲम्ब्युलन्सवाले वाटतात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, चालवायला कंत्राटावर दिलेली. गाडीतला डॉक्टर आणि चालक रोज जे बघतात ते पोलीसही रोज बघत नाही, पण त्यांना ना पोलिसांसारखं दल ना कुटुंब आरोग्य योजना, कंत्राट संपलं की विषय संपला. सरकारने नवीन काही उभारायचीही गरज नाही, टेंडरमध्ये गाड्या किती, किती मिनिटांत पोचायचं हे लिहिलेलं असतंच, तिथे अजून दोन ओळी हव्यात, वाईट कॉलनंतर पगारी रजा किती आणि उपचाराचा खर्च कोणाचा. पुढच्या अधिवेशनात हे विचारायला कोणी आमदार तयार असेल तर ओंटारियोचं कलम मराठीत करून द्यायला मी आहे, फक्त माझी रात्रपाळी बघून फोन करा.