आधी पैसा कोणता, मग शेअर कोणता

परवाच्या घसरणीनंतर कट्ट्यावर दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. निखिलने पहिल्या नोकरीच्या बचतीतून शेअर घेण्याचे ठरवले असून त्यासाठी खातेही उघडले आहे, ही बातमी भाऊंच्या कानावर आधीच गेली होती. त्यामुळे तो येऊन बसतो न बसतो तोच त्यांनी तीन कंपन्यांची नावे त्याच्यापुढे ठेवली. "बाजार पडला आहे, अशी संधी पुन्हा येत नसते, उद्या बाजार उघडताच घेऊन टाक," असे ते म्हणाले. हे सांगत असताना त्यांचा अंगठा फोनच्या पडद्यावर अखंड फिरत होता आणि दर दोन वाक्यांनंतर त्यांची नजर खाली जाऊन पुन्हा वर येत होती. बाजार बंद होऊन तीन तास उलटले होते, तरीही.

मीनाताईंनी त्यांचे बोलणे पूर्ण होऊ दिले. कंपन्यांचे हिशेब तपासण्यात त्यांची तीस वर्षे गेली आहेत आणि समोरच्याचे म्हणणे संपेपर्यंत मध्ये न बोलण्याची त्यांची सवय आम्हा कोणालाच जमलेली नाही. "निखिल," त्या म्हणाल्या, "कोणता शेअर घ्यायचा, हा तू सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी मला एवढेच सांग, की हा पैसा तुला परत कधी लागणार आहे?"

निखिलने प्रामाणिकपणे सांगितले, की त्यातला निम्मा पुढच्या वर्षी शिक्षणाच्या शुल्कासाठी लागेल, पण वर्षभर तो नुसता पडून राहण्यापेक्षा थोडा वाढला तर बरे.

येथे मला राहवले नाही. २००७ मध्ये मीही घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेली रक्कम अशाच विचाराने शेअरांत घातली होती. पुढच्या दीड वर्षात जगभरचे बाजार कोसळले. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात ५७ टक्क्यांनी खाली आला. मी घेतलेल्या कंपन्या वाईट नव्हत्या आणि त्यांतल्या बहुतेक पुढे सावरल्याही, परंतु हप्ता भरण्याची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबणार नव्हती, आणि मला निम्म्याहून कमी भावात सगळे विकावे लागले. माझी निवड चुकली नव्हती, पैसाच चुकीचा होता, हे मला फार उशिरा उमगले. निखिलने त्याच वाटेने जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सारे लिहून काढत आहे.

"शुल्काचा पैसा बँकेत ठेव," मीनाताई म्हणाल्या. "सहा महिन्यांचा घरखर्चही बाजूला काढ. कर्ज असेल तर आधी ते फेड, कारण फेडलेल्या कर्जावरचे व्याज वाचते याची खात्री असते आणि शेअरांत कसलीच खात्री नसते. एवढे करून जे उरेल आणि निदान सात-आठ वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा शेअरांचा."

"म्हणजे मी पहिल्यापासून सांगत होतो तेच झाले. हा जुगार आहे," मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे आणि या विषयावर त्यांचा दाखला कायम तयार असतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांमागे सारी मुंबई धावली, १८६५ मध्ये युद्ध संपताच कापूस गडगडला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा कापसाचा राजाही बुडाला, हे त्यांनी आम्हांला पुन्हा एकदा ऐकवले.

मीनाताईंनी त्या दाखल्याचाच दुसरा पदर उलगडला. "मास्तर, त्या वेळी बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जे दिली होती, म्हणून शेअरांबरोबर बँकही गेली. स्वतःच्या शंभरावर उसने शंभर घेऊन जो दोनशेचे शेअर घेतो, त्याचे भाव निम्मे झाले की हाती शून्य उरते. आणि ते उसने देणारा ब्रोकर तर तेथवर थांबतही नाही, तो आधीच विकून आपले पैसे काढून घेतो. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याकडे तेव्हा निम्मे तरी शिल्लक असते, आणि मुख्य म्हणजे थांबण्याची मुभा असते." त्यांनी भाऊंकडे पाहिले नाही, तरी भाऊंनी फोन पालथा ठेवला.

"जुगारात," त्या पुढे म्हणाल्या, "एकाचे गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. शेअर म्हणजे चालत्या धंद्यातला हिस्सा, आणि धंदा चालला तर हिस्सेदारांना मिळून काही नवे मिळते. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने अ‍ॅमस्टरडॅममध्ये भांडवल गोळा केले, तेव्हा हजाराहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्या वहीत कंपनीच्या एका संचालकाकडे कामाला असलेल्या मोलकरणीचेही नाव आहे, तिने १०० गिल्डर घातले होते. पहिला लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, मिळायला १६१० साल उजाडले आणि तोही रोख नव्हता, जायपत्रीच्या रूपात होता. जहाजे जाऊन, माल घेऊन, परत येईपर्यंत थांबावे लागते, एवढे त्या वहीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते."

मास्तर सहजासहजी हार मानणारे नाहीत. "आणि थांबूनही काही मिळाले नाही तर? जपानच्या बाजाराचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या शेवटी ३८,९१५ वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. चौतीस वर्षे, ताई. निखिलला निवृत्तीपर्यंत थांबायला सांगणार का?"

हा मुद्दा खरा होता आणि मीनाताईंनी तो खरा म्हणून स्वीकारला. मधल्या काळातला लाभांश धरला आणि सगळा पैसा त्या एकाच दिवशी न घालता वर्षानुवर्षे थोडा थोडा घातला असे मानले, तर चित्र इतके काळे राहत नाही, असे त्या म्हणाल्या; पण एकाच देशाच्या बाजारावर, तेही सगळे त्याच्यामागे वेडे झालेले असताना, सगळी भिस्त ठेवू नये, हे मास्तरांचे म्हणणे निखिलने लिहून घ्यावे, असेही त्यांनी सांगितले. मास्तरांना कट्ट्यावर अशी दाद क्वचितच मिळते आणि ते लगेच सरसावून बसले.

भाऊंचा धीर सुटला. "हे सगळे मोठ्या रकमेवाल्यांचे. लहान माणसाने स्वस्त शेअर घ्यावेत. दहाचा वीस केव्हाही होतो, हजाराचा दोन हजार व्हायला जन्म जातो."

"भाऊ, एकाच शेताचे दहा तुकडे केले काय आणि हजार केले काय, शेत तेवढेच राहते," मीनाताई म्हणाल्या. "हजार तुकड्यांतला एक तुकडा कमी पैशांत मिळतो, म्हणून शेत स्वस्त होत नाही. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, ही त्या कंपनीची किंमत. ती तिच्या नफ्याच्या किती पट आहे आणि तिच्यावर कर्ज किती आहे, हे पाहिल्याशिवाय स्वस्त हा शब्द तोंडातून काढू नये."

मग निखिलने मघापासून मनात असलेला प्रश्न विचारला: हे सगळे पाहायला ज्याला वेळ नाही आणि येतही नाही, त्याने काय करावे?

संध्याकाळचा मोठा भाग या प्रश्नावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. मीनाताईंनी हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर या अभ्यासकाचे काम सांगितले. त्यांनी अमेरिकेतील १९२६ पासून २०१६ पर्यंतचे सुमारे २६,००० शेअर तपासले, तेव्हा असे दिसले, की सरकारी रोख्यांपेक्षा जी काही जास्तीची संपत्ती शेअरांनी निर्माण केली, ती सगळी जवळपास चार टक्के कंपन्यांतून आली. बहुतेक शेअर रोख्यांइतकेही देऊ शकले नाहीत. "ते चार टक्के आधी ओळखता येतील असे ज्याला वाटते, त्याने खुशाल निवड करावी," त्या म्हणाल्या. "ज्याला तसे वाटत नाही, त्याने सगळेच थोडे थोडे घ्यावे, म्हणजे ते चार टक्के आपोआप आपल्याकडे येतात." इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड, हेच करतो. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी तो काढला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती आणि जमले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. लोकांनी त्याला बोगल यांचा वेडेपणा म्हटले. फंड निवडताना आधी त्याचा खर्च पाहावा, हे ताईंनी दोनदा बजावले. दरसाल आठ टक्क्यांनी शंभराचे तीस वर्षांत सुमारे १,००६ होतात. त्यातले दोन टक्के खर्चात गेले आणि हाती सहा टक्केच आले, तर सुमारे ५७४ होतात. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण या हिशेबात त्यांनी जवळजवळ निम्मे गिळलेले असतात.

"सगळेच घ्यायचे तर अक्कल कशासाठी?" भाऊ म्हणाले.

उत्तर मास्तरांनी दिले. "न्यूटनला अक्कल कमी होती का? १७२० मध्ये साउथ सी कंपनीत त्याने आधी चांगला नफा घेऊन शेअर विकले. मग भाव चढतच राहिलेले पाहवेनात, म्हणून चढ्या भावात पुन्हा घेतले आणि मोठे नुकसान सोसले. बुद्धी होती, दुसऱ्याचा नफा पाहवण्याची ताकद नव्हती."

मीनाताईंनी त्यात भर घातली. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका ब्रोकरकडच्या ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ चे व्यवहार तपासले होते. बाजाराने दरसाल १७.९ टक्के दिले, आणि सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के पडले. मधला फरक हा हालचालीचा खर्च होता. भाऊ काही बोलले नाहीत. आपल्याकडच्या उलाढालीचा असा हिशेब त्यांनी कधीच मांडलेला नाही आणि आम्ही कितीदा विचारले तरी ते विषय बदलतात. या वेळी त्यांनी तोही बदलला नाही.

निखिलने आणखी एक शंका काढली: तो जेथे काम करतो ती कंपनी आपले शेअर कर्मचाऱ्यांना सवलतीत देते, ते भरपूर घ्यावेत का? मीनाताईंनी एन्रॉनचे उदाहरण दिले. डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा हजारोंची नोकरी गेलीच, पण ज्यांनी निवृत्तीची पुंजीही तिच्याच शेअरांत ठेवली होती, त्यांची पुंजीही त्याच वेळी गेली. सवलत घ्यावी, परंतु पगार आणि बचत एकाच दोरीला बांधू नये, एवढे त्यांनी सांगितले.

ज्याला एखादी कंपनी स्वतः निवडून पाहायचीच आहे, त्याने एकूण रकमेचा दहावा भाग त्यासाठी ठेवावा, वार्षिक अहवाल मागच्या पानांकडून वाचायला घ्यावा, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला आहे ते पाहावे, नफा दिसतो तेवढी रोख खरोखर येते का ते तपासावे, आणि घेण्यापूर्वी आपण हा शेअर का घेत आहोत ते चार ओळींत लिहून त्यावर तारीख घालावी, असा ताईंचा सल्ला होता. ज्यांची फार खरेदी-विक्री होत नाही असे शेअर घेताना लिमिट ऑर्डर द्यावी, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त द्यावे लागत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

"चार ओळी लिहायच्या," मास्तर भाऊंकडे वळले. "तुम्ही मला त्या औषध कंपनीचे शेअर घ्यायला लावलेत, तेव्हा काय लिहिले असते?"

हे जुने दुखणे आहे. त्या शेअरांत दोघांचेही पैसे बुडाले आणि त्यानंतर वर्षभर दोघे कट्ट्याच्या दोन टोकांना बसत असत. भाऊ म्हणाले, "आतली बातमी होती, असे लिहिले असते."

"खरोखर आतली असती तर बहुतेक देशांत तो गुन्हा आहे," मीनाताई म्हणाल्या, "आणि आतली नसती तर ती सर्वांना ठाऊक होती. पण तुम्हांला ती दिली कोणी?"

भाऊंनी बराच वेळ घेतला. त्यांच्या मेहुण्याने सांगितले होते. मेहुण्याला कोणी सांगितले? तो मास्तरांच्याच शाळेत गणित शिकवत असे आणि त्याने ते शिक्षकांच्या खोलीत ऐकले होते.

मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांचा एक जुना विद्यार्थी त्या कंपनीत लागला होता आणि कंपनी फार झपाट्याने पुढे चालली आहे, असे कौतुकाने शिक्षकांच्या खोलीत सांगणारे स्वतः मास्तरच होते.

निखिलला हसू आवरेना, मग ताईंनाही आवरेना, आणि शेवटी भाऊ उठून मास्तरांच्या शेजारी येऊन बसले. "मास्तर," ते म्हणाले, "इतकी वर्षे मी तुमच्याच टिपसाठी तुमचा राग सहन केला."