‘आधी चार वर्ग सांभाळून दाखव’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार. ‘बाराखडी पाठ, वाचन कोरं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका करतेय. बाराखडी पाठ झाली म्हणून मुलाला वाचता येतंच असं नाही, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लिहिलंय: “पोरी, अजून डी.एल.एड.चा निकाल हातात नाही आणि निघालीस मास्तरांना शिकवायला. बाराखडी घोटून घेतली की वाचन आपोआप येतं, आमच्या पिढ्या अशाच शिकल्या. आधी द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून दाखव.” वर नातवाचा दाखला: पहिलीत आहे, बाराखडी घडाघडा म्हणतो.

आधी ‘पोरी’चं बघू. घरी अज्जी मला पोरी म्हणते, गल्लीतल्या मावश्या म्हणतात, मी ओ देते. तुमची माझी ओळख नाही. त्याच लेखाखाली आणखी एका शिक्षकांनी मला खोडून काढलंय, तुमच्याहून कडक शब्दांत, पण ‘तुम्ही’ म्हणून. त्यांच्याशी माझं काही भांडण झालं नाही. माझ्या जागी कुणी मुलगा छात्राध्यापक असता, तर त्याला ‘पोरा’ लिहिलं असतंत का? मला नाही वाटत.

आणि मास्तरांना शिकवायला मी कधी निघाले? आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावात, दुसरीच्या वर्गात जे दिसलं ते लिहिलं. शाळेचं नाव नाही, बाईंचं नाव नाही. त्या बाईंनी लेख वाचून “हे असंच आहे गं” असा निरोपही धाडला. निकाल लागेपर्यंत छात्राध्यापकांनी डोळे मिटून बसावं, असं आमच्या अभ्यासक्रमात तरी नाही.

एक मान्य करते. वर्णमाला क्रमानं पाठ असायलाच हवी, नाहीतर उद्या शब्दकोशात शब्द सापडायचा नाही. हा तुमचा मुद्दा रास्त आहे.

आता ते वाक्य. घोटून घेतली की वाचन आपोआप येतं.

त्या दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर ‘मोर’ लिहिलं. शेजारी चित्र मुद्दाम काढलं नाही. एक मुलगा उठला, फळ्याजवळ आला, ‘मो’वर बोट ठेवलं आणि ओठातल्या ओठात सुरू झाला: म मा मि मी मु मू मे मै मो. मग मोठ्यानं, “मो!” बोट पुढं सरकलं. “र रथाचा.” मग दोन्ही जोडायला म्हणून जरा थांबला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, “मोरथ?”

वर्ग हसला. मीही हसले असते, पण मागं बसून बाई माझ्या पाठाचं निरीक्षण लिहीत होत्या. या मुलाची बाराखडी चोख होती, सर. कानामात्रेची चूक नाही. फक्त कुठलंही अक्षर गाठायचं म्हणजे त्याला दर वेळी तळमजल्यापासून जिना चढावा लागतो. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं वाचनाचं लक्ष्य तुम्हाला ठाऊक असेलच: तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. एका ‘मो’साठी नऊ पायऱ्या चढणारं पोर साठ शब्दांपर्यंत कधी पोचणार? पोचलंच, तरी तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या ध्यानात राहील का?

हिशेब मांडून बघा. व्यंजनं ३४, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे ४०८. शिवाय जोडाक्षरं, रफार, ‘प्र’ आणि ‘ट्र’मधले दोन तऱ्हेचे ‘र’. हे सगळं सुरात पाठ करून घेतलं, तर मुलाच्या हाती ४०८ सुटे आवाज येतात. काना ‘म’ला लागला काय, ‘क’ला लागला काय, काम तेच करतो, हे तीन-चार अक्षरांत एकदा उमगलं की बाकीच्यांना लावायला मूल स्वतःच धावतं. ‘मका’, ‘काका’, ‘मामा’, ‘काम’ ही नुसत्या म, क आणि कान्याची कमाई आहे. पहिल्या आठवड्यात वाचता येतात, आणि वाचलेलं कळतंसुद्धा. पहिल्या वेलांटीला तर हे आणखी लागतं. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. घोकताना मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे मी घरी बसून काढलेलं नाही. तुमच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत १९८० च्या दशकापासून मराठी वाचन शिकवण्यावर काम झालंय. मोजकी अक्षरं, सोबत स्वरचिन्हं आणि लगेच शब्द. अमेरिकेत जन्मलेल्या बाईंना जे दिसलं, ते आपल्याला दिसू नये?

राहिला अनुभव. तुम्ही म्हणता तो मला नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. आमच्या घरात कन्नड, शाळा मराठी. पहिलीत सगळ्यांआधी बाराखडी माझी पाठ झाली, कारण कन्नडमध्येही क का कि की असंच म्हणतात, सूर ओळखीचा होता. पाहुणे आले की गुरुजी मलाच उभं करायचे. तिसरीत नव्या बाईंनी न शिकवलेला धडा उघडून समोर ठेवला, तेव्हा मी पुतळा. दोन वर्षं कुणाला कळलं नव्हतं की हिला वाचता येत नाही. मलाही नाही. वाचायला शिकले ती मामाच्या किराणा दुकानात, उधारीच्या वहीवर. कुणी काय नेलं हे मला आधीच माहीत असायचं. त्यामुळं ‘साखर’ ही साखरच असणार, आणि तिच्यातला ‘सा’ खालच्या ओळीत ‘साबण’मध्ये सापडायचा.

याला तुम्ही किस्सा म्हणाल. मग “आमच्या पिढ्या अशाच शिकल्या” हे काय आहे? शिकले ते आज तुमच्यासारखी प्रतिक्रिया लिहितात. तिसरी-चौथीतच दप्तर टाकून आईबापांमागं ऊसतोडीला गेलेले लिहीत नाहीत, म्हणून ते नव्हतेच असं धरायचं?

नातवाचं कौतुक आहेच. त्याला एकदा बाराखडी म्हणायला न लावता पेपरातला मथळा द्या आणि मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा. ओठ हलतात का, तेवढं बघा. काय होईल ते इथं लिहा, मी जसंच्या तसं ठेवीन.

चार वर्ग, दोन शिक्षक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि ते आहेच. पण तो या लेखाचा विषय नव्हता, त्यावर पुन्हा कधीतरी. सोमवारी परिसर अभ्यासाचा पाठ आहे आणि माझं टाचण अजून तपासून व्हायचंय.