पेनड्राइव्ह एक, तऱ्हा तीन
६ जीबीची एक फाइल या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर न्यायची, एवढंच काम! पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा (फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) असला की ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, मग आत कितीही जागा रिकामी असो. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट केला तर मॅक नुसता वाचतो, लिहायचं नाव नाही. लिनक्स यात खरंच शहाणा, कर्नल (म्हणजे त्याचा गाभा) ५.१५पासून त्याच्याकडे एनटीएफएसवर लिहिण्याचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते काम करणारा प्रोग्रॅम, आतच आहे.

पण डोकं फिरतं ते लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटचा ड्राइव्ह विंडोजला लावल्यावर. 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हणे! अहो, डेटा शाबूत आहे, तुम्हाला वाचता येत नाही एवढंच. ते सरळ सांगायला काय जातं? बिचारा नवखा माणूस 'हो' दाबत जातो आणि सगळं गमावून बसतो.

निमूटपणे एक्सफॅट फॉरमॅट करा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. मॅकच्या डिस्क युटिलिटीत स्कीम (ड्राइव्हचे भाग पाडायची पद्धत) 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा, म्हणजे जुनी उपकरणंही सहसा कुरकुरत नाहीत. फक्त एक्सफॅटला जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवायची सोय, नाही. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपटला तर फाइली खराब होऊ शकतात. आधी इजेक्ट, मगच हात लावा.