खुलासा: रुईचं पान आणि गरम वीट टाचेचं हाड विरघळवत नाही

‘टाच दुखते म्हणजे हाड वाढलंय, रुईचं पान बांधून तापलेल्या विटेवर टाच ठेवा, 7 दिवसांत हाड विरघळेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

एक्स-रेत टाचेच्या हाडाला दिसणारं ते वाढलेलं टोक टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांनाही असतं, आणि दुखणं थांबल्यावरही ते तसंच राहतं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला जी कळ येते, ती बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्याची, म्हणजे प्लांटर फॅशियाची असते. हाड शेकून विरघळत नाही. रुईच्या चिकाने मात्र कातडी भाजते, डोळ्याला लागला तर इजा होते. मधुमेहात पाय बधिर असेल तर विटेचा चटका कळतही नाही.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच हे करा: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा. अंगठ्याने चाचपल्यावर तळव्यात ताणलेली दोरी लागली पाहिजे. लागली नाही तर ओढ कमी पडतेय. 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. फरशीवर अनवाणी फिरू नका, झिजलेली सपाट चप्पल टाकून द्या. फरक पडायला आठवडे नव्हे, बऱ्याचदा महिने लागतात (इथेच लोक कंटाळून विटेकडे वळतात).

सूज, मुंग्या, रात्रीची ठणक असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.