हाल्फवेगच्या सायलो आणि आमचं हरेगाव

हार्लेमहून अ‍ॅमस्टरडॅमला कामावर जाताना वाटेत हाल्फवेग लागतं. रुळांजवळ दोन थोराड गोल सायलो, म्हणजे साठवणीच्या टाक्या, उभ्या आहेत, साखरेच्या. तिथला बीटसाखरेचा कारखाना 1992 साली बंद झाला. सायलोंना खिडक्या पाडून आत कचेऱ्या थाटल्या, शेजारी कपड्या-बुटांची आउटलेटं आली. नाव काय, तर शुगरसिटी!

मीच शहाणपणा करून फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. ‘आपल्या हरेगावच्या बंद साखर कारखान्याचं असं का नाही?’

धाकट्या चुलतभावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं, ‘दादा, आधी आज्याच्या जमिनीचा उतारा बघ, मग खिडक्या पाड.’

झोंबलं, पण खोटं नव्हतं. प्रवरेच्या पाटपाण्याच्या भरवशावर श्रीरामपूरजवळ बेलापूर कंपनीचा हा कारखाना उभा राहिला. भंडारदरा धरण 1926 साली पुरं झालं. उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. पुढं 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा आला, 1963 मध्ये सरकारचं शेती महामंडळ निघालं, आणि खंडानं दिलेली जमीन महामंडळाच्या नावावर गेली. जमीन खंडानं दिलेल्या शेतकऱ्यांना, म्हणजे खंडकऱ्यांना, ती परत मिळायला सुरुवात झाली 2012 मध्ये. तोवर किती म्हातारे गेले! कारखान्याचा भोंगा कधीच थांबला होता, खंड मात्र संपत नव्हता.

म्हणून गावात कुणी ‘वारसा’ म्हटलं की माणसं आधी संशयानं बघतात. वारसा म्हणजे आणखी एक कुंपण, असा त्यांचा अनुभव. तरी सगळं भंगारवाल्याच्या हवाली करावं हेही मला पटत नाही. हाल्फवेगला भिंती छान राखल्यात, पण बीट ओढून आणणारा माणूस मला तिथं कुठं दिसला नाही. आपण उलट करावं. साहेबांचे बंगले पडले तर पडू देत. ठेवायचाच तर वजनकाटा ठेवा. काटामारीच्या संशयानं जिथं बैलगाडीवाले रात्र-रात्र भांडले, ती जागा ठेवा. खंडाचे करार, पगारपत्रकं, तोडणी टोळ्यांच्या चिठ्ठ्या घराघरांतल्या ट्रंकांमध्ये कुजताहेत; त्या आधी गोळा करा. त्याला ना सायलो लागते, ना आर्किटेक्ट.

आमच्याकडेही खंडाची एक पावती आहे, आजीच्या पितळी डब्यात. भावाला म्हटलं, फोटो काढून पाठव. म्हणाला, उसाच्या खोडव्याला पाणी चालू आहे, रविवारी बघतो.