सव्वाआठ चौरस फुटांवरचं अतिक्रमण

नवी मुंबईत सपाट जागा मोकळी राहत नाही. म्हणून तर सिडकोला जागोजागी पाट्या लावाव्या लागतात: हा भूखंड सिडकोच्या मालकीचा आहे, अतिक्रमण केल्यास वगैरे वगैरे. पाटीखाली चहाची टपरी असते आणि टपरीची ताडपत्री पाटीच्याच खांबाला बांधलेली असते. १९७० साली स्थापन झालेल्या, हाताशी कायदा आणि बुलडोझर असलेल्या महामंडळाची ही गत. मी तर नेरुळच्या रो-हाऊसमधला हौशी सुतार. माझ्या हाताशी फक्त गुण्या, सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार.

माझा भूखंड टेबल सॉच्या उजव्या अंगाला आहे. ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओतीव लोखंडाचं सपाट टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं १० इंची गोल पातं आणि पात्याला समांतर सरकणारी एक पट्टी, तिला फेन्स म्हणतात. लाकूड फेन्सला टेकवायचं आणि पुढे ढकलायचं. फेन्स जितकी लांब नेता येईल तितका रुंद तुकडा निघतो. आठ बाय चारचा प्लाय आडवा मधोमध कापायचा तर पातं आणि फेन्स यांच्यात चार फूट अंतर लागतं, म्हणून मी ५२ इंचांपर्यंत फेन्स जाईल असे रूळ असलेलं यंत्र घेतलं. मेख अशी, की चार फुटांचा काप घरच्या कामात सणासुदीलाच लागतो. कपाटाच्या फळ्या, खणांच्या बाजू, पाट, चौरंग सगळं दीड-दोन फुटांत आटपतं. पण रूळ तर लांब घेतलेत, ते हवेत लोंबकळत ठेवता येत नाहीत. मग त्यांच्यामध्ये टेबलाच्या पातळीला एक फळा बसवायचा. माझा फळा ४४ इंच बाय २७. म्हणजे सव्वाआठ चौरस फूट.

फळा मी मिस्त्रीकडून करून घेतला, १९ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर चिकटवून. वर सनमायका आणि खालूनही सनमायका. मिस्त्री म्हणाला, "साब, नीचे से कौन देखेगा?" मी म्हटलं, "हवा देखेगी." एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, की उघडी बाजू ओल पिते, झाकलेली पीत नाही, आणि फळा वाकतो. खाडीवरून येणारी आमच्याकडची हवा जूनमध्ये पंख्याने ढवळावी इतकी घट्ट असते. मिस्त्रीने दोन्ही बाजूंना सनमायका लावला आणि जाताना मान अशी हलवली, की तिचे वेगळे पैसे लावले असते तरी मी दिले असते.

फळा इतका छान झाला, तिथेच घात झाला. सपाट, गुळगुळीत, फडका फिरवला की लख्ख. वर उंची ३४ इंच. स्वयंपाकाचा ओटा मोजून बघा, बत्तीस-चौतीसच्या आसपासच भरेल. टेबल सॉ बनवणाऱ्यांनी ही उंची सुताराच्या कमरेसाठी ठरवली असेल, पण पोळ्या लाटणाऱ्या माणसालाही कंबर असते.

पहिला हक्क बायकोने सांगितला. "अहो, फक्त पाच मिनिटं ठेवतेय." पाच मिनिटं हे अतिक्रमणाचं पायाभरणीचं माप आहे. पातं कायम टेबलाच्या खाली, प्लग बाहेर आणि स्विचची किल्ली माझ्या खिशात, त्यामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली आरडाओरडा करायची सोयच मी स्वतः काढून टाकली होती. आधी भाजीच्या पिशव्या आल्या. मग कुरिअरचे खोके. मग इस्त्रीचे कपडे, जाणारे एका बाजूला आणि आलेले एका बाजूला. चैत्र लागल्यावर आईने शटर वर करून बघितलं, दुपारचं ऊन नेमकं फळ्यावर येत होतं, आणि त्या दिवशी माझ्या कारखान्यात वाळवणाचा हंगाम सुरू झाला.

कुरडया वाळत घालण्याला माझा विरोध नाही. विरोध मागे राहणाऱ्या तुकड्यांना आहे. कुरडईचा एक काडीएवढा तुकडा फळ्यावर राहिला आणि त्यावर प्लाय आला, तर प्लाय त्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर उचलला जातो. डोळ्याला काही दिसत नाही. काप झाल्यावर कडेला गुण्या लावा, गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक चीर दिसते. ती चीर दाखवायला मी आईला वर हाक मारली. तिने चष्मा लावला, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "कुरडई मात्र छान पांढरीशुभ्र झालीय रे."

बायकोचं माहेर नेरुळला लागूनच्या करावे गावातलं. तिकडून येणारी सुकट आणि बोंबील निवडायलाही हाच फळा. पसरता येतं, उभ्याने निवडता येतं, पाठ दुखत नाही, असा वैद्यकीय दाखला जोडलेला. जवाहिऱ्यांनी दागिने घासावेत तशी मी सागाची फळी घासून गुळगुळीत केली होती, ती सुकटीच्या शेजारी रात्रभर राहिली. आता त्या फळीचा टीपॉय झालाय आणि पाऊस आला की मांजर त्याच्याभोवती घुटमळतं.

फळ्याचं जाऊ दे, तो सनमायक्याचा आहे. पण जागा पुरेना तशी वस्ती पात्याकडे, म्हणजे ओतीव लोखंडाकडे सरकली. ओतीव लोखंडावर ओलं पातेलं ठेवलं, की सकाळी तिथे नारिंगी वर्तुळ उमटलेलं असतं. मग बारीक पॉलिश पेपर घ्या, रॉकेल मिळालं तर रॉकेल, घासा, पुसा, आणि वर मेणाचा हात द्या. मेण साधंच, सिलिकॉनवालं चकचकीत पॉलिश लावलं, तर ते लाकडाला लागतं आणि पुढे त्यावर वॉर्निश धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. एवढं सगळं मी समजावून सांगितलं. त्यातलं "मेण" तेवढं घरात पोचलं आणि माझा मेणाचा डबा लाकडी पोळपाटासाठी गेला.

लाकूड पात्याजवळ न्यायला एक ढकलकाठी असते. पुढच्या टोकाला खाच, म्हणजे फळीची कड तिच्यात बसते आणि बोटं पात्यापासून लांब राहतात. माझी ढकलकाठी नाहीशी झाली. सापडली ती वरच्या गॅलरीत. छताच्या दोरीवर ओले कपडे चढवायला ती खाच इतकी नेमकी बसते, की आता मी नवीन काठी केली तर दोन कराव्या लागतात.

पाटी मीही लावली. ‘राखीव जागा. सामान ठेवू नये.’ आई म्हणाली, "बरं झालं, वाळवणाचं प्लॅस्टिक उडत होतं." पाटी तिने त्याच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवली.

शेवटी वाटाघाटी झाल्या. करावेच्या माहेरवाशिणीशी जमिनीवरून वाटाघाटी करणं किती अवघड, हे नेरुळमध्ये सांगायला नको. शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के परत, ही योजना तिच्या माहेरी जेवणाच्या ताटावरही चर्चेला असते. "जागा तुमची होती ना? मग घ्या साडेबारा टक्के," ती म्हणाली. सव्वाआठ चौरस फुटांचे साडेबारा टक्के, म्हणजे साधारण एक चौरस फूट. "आणि त्यातून सुविधांसाठी थोडी कापली जाते." कुठल्या सुविधा, हे विचारण्यात अर्थ नव्हता, सुविधा फळ्यावर वाळत होत्या.

उरलेल्या पाऊण चौरस फुटात काय बसतं, याचा विचार करताना मला राउटर आठवला. वाय-फायचा नव्हे, लाकडाच्या कडा कोरायचा. रिकाम्या भूखंडावर पक्कं बांधकाम केलं, की तो रिकामा राहत नाही. राउटर फळ्याच्या खाली उलटा टांगायचा, त्याचं पातं फळ्यात बसवलेल्या प्लेटमधल्या भोकातून वर काढायचं आणि कडेला गोलाई, खाच, नक्षी मारायची. प्लेट सव्वानऊ इंच बाय पावणेबारा, म्हणजे १०९ चौरस इंच. माझ्या वाट्यापेक्षा एक चौरस इंच जास्तच, एवढी उदार योजना सरकारनेही केली नसेल. जगभरचे टेबल सॉवाले याच जागी राउटर बसवतात, कारण सॉची फेन्सच राउटरलाही कामी येते. एक अडचण आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही: राउटरसाठी फेन्स अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळवलेली असते, तेवढ्यात एक फळी कापायची निघाली की फेन्स हलवावी लागते आणि सगळी जुळणी पुन्हा पहिल्यापासून. तरी बसवला. भोक असलेल्या जागेवर कुणी पातेलं ठेवणार नाही, हा माझा मुख्य मुद्दा होता, नक्षी नंतर.

हार्बर लोकलने मस्जिद, तिथून नागदेवी स्ट्रीटचा हत्यारांचा बाजार. अॅल्युमिनियमची प्लेट घेतली. फळ्यात तिच्या मापाची खाचणी करून आत मधोमध आरपार भोक. कोपऱ्यांतले स्क्रू पाव पाव वळसा फिरवत प्लेट पातळीला आणायची. डोळ्यांवर विसंबायचं नाही, नख फिरवायचं. नख सनमायक्यावरून प्लेटवर जाताना अडकलं नाही, म्हणजे झालं. माझं नख अडकलं नाही.

पौषात राउटरच्या मोटरचे कार्बन ब्रश बदलायला प्लेट बाहेर काढली आणि मी नाक्यावर गेलो. परत आलो तर आई फळ्यापाशी स्टूल ओढून मटार सोलत बसलेली. साली भोकातून थेट खाली, भुशाच्या बादलीत. दाणे डावीकडे पातेल्यात, आणि पातेलं, देवाची कृपा, सनमायक्यावर.

"हे एक काम तू डोकं लावून केलंस," ती म्हणाली. "आता इकडे दाण्यांसाठी दुसरं पाड. जरा लहान."

मी खिशातून टेप काढला आणि विचारलं, "गोल की चौकोनी?"