राजा झोपलाय

रविवारी शेखर कट्ट्यावर पाऊण तास उशिरा आला, तेव्हाच कळलं की सईने पुन्हा देवळाबाहेर ठाण मांडलं होतं.

"आज तरी आत आली का?" नंदाने विचारलं.

"चपला काढेना. वर मलाच म्हणते, बाबा, तू पण नको ना जाऊस."

सगळे दिलप्याकडे बघायला लागले आणि दिलप्या वडापावाच्या कागदातला चुरा वेचायला लागला. सईचे आजोबा, अप्पा गेले त्या दिवशी पोरांना खाली गच्चीखालच्या पार्किंगमध्ये सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. क्लास चालवतो, पोरांची सवय आहे, म्हणून दिलं होतं. त्याने पाच वर्षांच्या सईला सांगितलं, अप्पा देवाघरी गेले. इतपत ठीक होतं, आपण सगळेच सांगतो. पण हा गडी थांबतोय कुठे! देवाचं घर इतकं छान असतं की तिथून कोणाला परत यावंसंच वाटत नाही, हेही सांगून आला. आता देवाचं घर कुठलं हे डोंबिवलीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं, घंटा असते तिथे. पोरीच्या तर्कात चूक काढून दाखवा.

"आम्ही एडिसनला असताना..." मंदारने सुरुवात केली.

अमेरिकेतल्या एडिसनला हा चार वर्षं होता. परत येऊन सोळा झाली. "किती डॉलर पडतील ऐकायचे?" शिऱ्याने विचारलं. पण या वेळी मंदारकडे खरंच काहीतरी होतं. 'सेसमी स्ट्रीट'मधला, म्हणजे तिकडच्या पोरांच्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमातला, तो भाग. त्याने फोन काढला, आम्ही पाच डोकी एका फुटक्या काचेवर वाकलो. तडा नेमका त्या पिवळ्या पक्ष्याच्या चोचीवरून गेलेला.

'बिग बर्ड' माहीत असेलच. आठ फुटांच्या वर उंची आणि अक्कल सहा वर्षांच्या पोराची. त्याने गल्लीतल्या प्रत्येकाचं चित्र काढलंय आणि तो ती वाटत सुटलाय. सगळे खूश. शेवटचं एक उरतं, दुकानदार हूपरकाकांचं. ते आले की देतो, म्हणतो. आणि मग त्या टेबलाभोवतीची मोठी माणसं गप्प होतात.

"कूपर नट होता ना तो?" दिलप्या.

"हूपर," नंदा म्हणाली. "आणि नट विल ली. तो खरंच गेला, ८२ च्या डिसेंबरमध्ये."

नंदा बालवाडी चालवते, तिला हे सगळं मंदारपेक्षा जास्त माहीत निघालं. मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरा नट आणावा किंवा काका फ्लोरिडाला राहायला गेले म्हणावं, असंही तिकडे बोललं गेलं होतं म्हणे. मग मानसशास्त्रवाल्यांना विचारून ठरवलं की सरळ सांगायचं. ते मेले. परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येत राहील. बास. आणि तो भाग लावला २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी.

"म्हणजे सणासुदीला सुतक!" दिलप्याला जोर चढला. "आपल्या संस्कृतीत..."

दिलप्याचं प्रत्येक तिसरं वाक्य 'आपल्या संस्कृतीत'ने सुरू होतं आणि त्यानंतर संस्कृतीचं काहीच येत नाही. "...पोरांना असलं दाखवत नाहीत. त्या लोकांना देव नाही, म्हणून असं कोरडं सांगावं लागतं."

"सणाला लावला, कारण त्या दिवशी आईबाप घरात असतात," नंदा म्हणाली. "पोराने काही विचारलं तर उत्तर द्यायला शेजारी माणूस हवं. पुडी सोडून वर जेवायला जायचं नाही."

दिलप्या त्या दिवशी खरंच वर जेवायला गेला होता. पिठलं-भात, दोनदा. सगळ्यांना आठवत होतं.

"बरं, मग आजारी होते म्हणून गेले असं तरी सांगावं!"

"तेही मुद्दाम टाळलं त्यांनी. पुढच्या महिन्यात हिच्या आईला ताप आला की पोरगी रात्रभर डोळे उघडे ठेवून बसेल. झोपले म्हटलंस तर झोपायला घाबरेल. पोरं तुझ्यासारखी नसतात दिलप्या, ऐकलेलं लक्षात ठेवतात."

हा टोला अलिबागच्या पंधराशे रुपयांचा होता. २०१४ साली तिने त्याच्या वाटणीचे भरले होते. ते त्याला अजून आठवायचे आहेत.

मग गाडी नेहमीप्रमाणे रुळावरून घसरली. शिऱ्या कुडाळचा, बाहुली हा शब्द निघाला की पिंगुळी आलीच. आमच्याकडच्या कळसूत्री बाहुल्या, आमची चित्रकथी, २०२१ ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री. दर वेळी असं सांगतो जणू याच्याच अंगणात सत्कार झाला. स्वतः पिंगुळीला एकदाच उतरला होता, तेही बस बंद पडली म्हणून. मी म्हटलं, आपल्याला तर टीव्हीवर रामदास पाध्यांचा अर्धवटराव होता, तो मोठ्यांना तोंडावर बोलायचा तेवढं आपल्याला पुरायचं. आणि पुढच्यांना 'सेसमी'च्याच देशी अवतारातली, 'गली गली सिम सिम'ची चमकी मिळाली, हिंदीत.

"आणि आपल्याला बाहुल्याने मरणाबद्दल काय शिकवलं?" शिऱ्या म्हणाला. "मेलेला माणूस बाहुल्यात शिरतो. तात्या विंचू!"

'झपाटलेला' ९३ चा. मंदार तेव्हा आठवीत होता आणि पुढे महिनाभर बहिणीची बाहुली कपाटात कोंडून झोपायचा. हे एडिसनवाल्यांना माहीत नसावं.

चिडून तो मूळ मुद्द्यावर आला, आणि तेही दिलप्याच्या बाजूने. "पण नंदा, त्यांनीच ९२ साली घटस्फोटावर भाग केला होता. तो केसाळ हत्तीसारखा स्नफी, त्याचे आईबाप वेगळे होतात. साठेक मुलांना आधी दाखवून बघितला. मुलं रडली. घरात भांडण झालं की आपलेही आईबाप जाणार, असं त्यांना वाटलं. भाग डब्यात गेला, कधीच लावला नाही."

"बघा! मी काय म्हणतोय!" दिलप्याने टाळीसाठी हात पुढे केला. कोणी दिली नाही.

"तू काय म्हणतोयस?" नंदा म्हणाली. "त्यांनी पोरांना विचारलं, पोरांना झेपत नाही दिसलं, पैसे घातलेला भाग गुंडाळला. तू कोणाला विचारलंस? सई आज देवळाच्या पायरीवर बसलीय, तरी तुझा भाग चालूच."

यावर दिलप्या चहा आणायला गेला. चर्चेत हरला की चहा आणायला जातो. पैसे मात्र "मांडून ठेव".

शेखर इतका वेळ काही बोलला नव्हता. त्याने मंदारचा फोन घेऊन तो तुकडा पुन्हा लावला. पक्षी विचारतो, असं का व्हावं? आणि मोठ्यांकडे कारणच नसतं. असंच असतं, कारण असंच. एवढंच म्हणतात. त्यांचे डोळे खरे भरलेले दिसतात, कारण त्यांचा माणूस खरा गेलेला.

"त्या पक्ष्याच्या आत कोण असतो?"

"कॅरोल स्पिनी," नंदा म्हणाली. "उजवा हात डोक्यावर ताणून पक्ष्याचं डोकं हलवायचा. आतून बाहेरचं दिसत नाही, छातीवर छोटा टीव्ही बांधलेला, त्यात बघून सगळं. आणि ती चित्रं आहेत ना, तीही त्यानेच काढलेली."

"हूपरचंही?"

"हूपरचंही."

शेखरने चित्रावर व्हिडिओ थांबवला. चष्मा नाकावर, गळ्यात बो. तड्याखाली नीट दिसत नव्हतं, त्याने अंगठ्याने काच पुसली, जणू पुसून तडा जाणार होता.

"पण मी तिला नेमकं काय सांगू?"

"तो पक्षी काय विचारतो ते बघ. आता मला पाखरांच्या दाण्यांचं मिल्कशेक कोण करून देणार? तर दुकान आता डेव्हिडकडे आलंय, तो म्हणतो, मी देईन. अप्पा सईला रोज काय द्यायचे?"

शेखरला जरा वेळ लागला. "ग्लुकोजचं बिस्किट. चहात बुडवून. अर्धं तिला, अर्धं स्वतः. तिच्या अर्ध्याचा तुकडा कपात पडला की आपलं अर्धं द्यायचे."

"मग अप्पा मेले, ते येणार नाहीत, हे सांग. आणि लगेच ते अर्धं कोण देणार ते सांग. देवळाचं नंतर बघू. देव कुठे पळून जात नाही."

एवढ्यात दिलप्या पाच कटिंग आणि नवीन मुद्दा घेऊन आला. "मी पोरांबरोबर आयुष्य काढलंय. थोडं खोटं चालतं. त्या लूपरच्या वेळी..."

"हूपर!" तीन जण ओरडले. मंदार हसता हसता खोकायलाच लागला. कारण तिथेही गंमत हीच आहे, तो पक्षी वर्षानुवर्षं काकांचं नाव चुकवतो आणि काका दुरुस्त करतात. ते गेल्यावरही तो चुकवतोच. या वेळी दुरुस्त करतं गल्लीतलं दुसरंच कोणीतरी.

"थोडं खोटं चालतं?" नंदा म्हणाली. "९८ चा गणपती विसरलास?"

संपलं. ९८ ला मंडळात आम्ही बाहुलीनाट्य केलं होतं. पडद्यामागे राजा दिलप्याच्या हातावर. ऐन दरबारात त्याला शिंक आली, राजाचं कागदी लगद्याचं मुंडकं सुटलं आणि टणटण उड्या मारत पहिल्या रांगेतल्या पोरांच्या पायाशी गेलं. मांडवात शुकशुकाट. एक पोर भोकाड पसरणार, तेवढ्यात पडद्यामागून दिलप्याचा धीरगंभीर आवाज, "घाबरू नका बालमित्रांनो, राजा झोपलाय."

आणि पहिल्या रांगेतून एक चिमुरडी मुंडकं दोन्ही हातांत धरून उठली. "काका, मग हे तुमच्याकडे झोपवा ना."

शेखरही हसला, अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच इतका. चहा सांडला तो माझ्या विजारीवर.

"हसा," दिलप्या म्हणाला. "पण चहाचे पन्नास झालेत. कोणीतरी द्या, मी पाकीट घरी विसरलोय."

"कुठे विसरलायस?" नंदाने विचारलं. "देवाघरी?"